कांगारू बेटावरील मधमाशीपालन

कांगारू बेट हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातील एक बेट असून ते लिगुरियन मधमाश्यांच्या पालनासाठी आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या मधासाठी प्रसिद्ध आहे. लिगुरियन मधमाशी ही युरोपीय मधमाशीची (एपिस मेलिफेरा) इटलीतील उपजात होय. १८८५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या संसदेने केलेल्या कायद्याने या बेटाला मधमाश्यांचे संरक्षित क्षेत्र ठरवले. त्यामुळे ते जगातील सर्वांत जुन्या मधमाशी अभयारण्यांपैकी एक मानले जाते. बेटावर बाहेरून मधमाश्या, मध किंवा वापरलेले मधपालन साहित्य आणण्यास बंदी आहे. या बंदीमुळे तेथील माश्यांचा वंश आणि आरोग्य टिकून राहिले. मात्र याच बंदीमुळे बेटावरील वसाहतींची हानी झाल्यास ती बाहेरून माश्या आणून भरून काढता येत नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

कांगारू बेट ॲडलेड शहराच्या नैर्ऋत्येस असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौ. किमी आहे. आकाराने ते टास्मानिया आणि मेलव्हिल बेटानंतर ऑस्ट्रेलियातील तिसऱ्या क्रमांकाचे बेट आहे. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये बॅकस्टेअर्स पॅसेज ही सामुद्रधुनी आहे. तिची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी १३ किमीच्या आसपास आहे. मुख्य भूमीवरील केप जर्विस येथून बेटावरील पेनेशॉ येथे नौकेने जाता येते. किंग्सकोट हे बेटावरील सर्वांत मोठे गाव असून बेटाची एकूण लोकसंख्या सुमारे ५,००० आहे.

सामुद्रधुनीची ही रुंदी मधमाशीपालनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कामकरी माश्या मकरंद आणि पराग गोळा करण्यासाठी बहुधा पोळ्यापासून काही किलोमीटरच्या परिसरातच फिरतात. राणीमाशी आणि नर मीलनासाठी त्याहून दूर जाऊ शकतात, परंतु उघड्या समुद्रावरून १३ किमीचे अंतर पार करणे त्यांना सहसा शक्य होत नाही. त्यामुळे मुख्य भूमीवरील माश्यांशी बेटावरील माश्यांचा नैसर्गिक संकर होत नाही.

बेटावर निलगिरीच्या अनेक जाती आढळतात. शुगर गम, कप गम, स्ट्रिंगीबार्क आणि झुडपासारख्या वाढणाऱ्या, एकाच बुंध्यातून अनेक खोडे फुटणाऱ्या ‘मॅली’ प्रकारच्या निलगिरी या त्यांपैकी प्रमुख आहेत. कांगारू आयलंड नॅरो-लीफ मॅली या जातीच्या पानांपासून बेटावर निलगिरी तेलही काढले जाते. बँक्सिया, टी-ट्री यांसारख्या स्थानिक वनस्पती, तसेच शेतांतील क्लोव्हर व कॅनोला ही पिकेही माश्यांना मकरंद आणि पराग पुरवतात.

लिगुरियन मधमाशी

लिगुरियन मधमाशीचे शास्त्रीय नाव एपिस मेलिफेरा लिगुस्टिका असे आहे. इटालियन कीटकशास्त्रज्ञ मास्सिमिलियानो स्पिनोला यांनी १८०६ साली तिचे वर्णन केले. इटलीच्या वायव्येकडील लिगुरिया या प्रदेशावरून तिला हे नाव मिळाले. व्यवहारात तिला इटालियन मधमाशी असेही म्हणतात.

या माशीच्या पोटावर पिवळसर पट्टे असतात. ती स्वभावाने तुलनेने शांत असते, चौकटी हाताळताना फारशी विचलित होत नाही आणि भरपूर पिल्ले वाढवते. त्यामुळे वसाहतीतील माश्यांची संख्या मोठी राहते आणि फुलोऱ्याच्या काळात मधाचे संकलन अधिक होते. दीर्घ आणि कडक हिवाळ्यात मात्र मोठ्या वसाहतीला साठवलेला मध अधिक लागतो. कांगारू बेटाचे सौम्य हवामान या माशीला मानवणारे आहे.

इतिहास

ऑस्ट्रेलियात देशी मधमाश्यांच्या शेकडो जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक एकएकट्या राहणाऱ्या असून उत्तरेकडील उष्ण भागात डंखरहित मधमाश्याही आढळतात. युरोपीय मधमाशी मूळची तेथील नाही. ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय वसाहतकारांबरोबर तेथे पोचली. प्रारंभी आणलेल्या माश्या मुख्यतः उत्तर युरोपातील काळसर उपजातीच्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मधमाशीपालनाचे तंत्र झपाट्याने बदलले. अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ साली काढता-घालता येणाऱ्या चौकटींच्या मधपेटीचे एकस्व मिळवले. १८५७ साली योहानेस मेरिंग यांनी मेणपत्रा तयार करण्याचे तंत्र शोधले आणि १८६५ साली फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी केंद्रोत्सारी बलाने मध काढणारे यंत्र लोकांसमोर आणले. या शोधांमुळे पोळे न मोडता मध काढणे आणि प्रत्येक चौकट बाहेर काढून तपासणे शक्य झाले. परिणामी शांत स्वभावाच्या आणि हाताळण्यास सोप्या माशीचे महत्त्व वाढले. याच काळात इटालियन माशी आल्प्स पर्वताच्या उत्तरेस, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत नेली गेली. त्यानंतर ती ऑस्ट्रेलियातील वसाहतींतही पोचली.

मुख्य भूमीवर मात्र या माशीचा वंश वेगळा ठेवणे अवघड होते. राणीमाशी पेटीत नव्हे, तर हवेत उडत असताना अनेक नरांशी समागम करते. आसपास काळ्या माश्यांच्या वसाहती असतील, तर पुढच्या पिढीत संकर होतोच. त्यामुळे शुद्ध वंशाच्या राण्या वाढवण्यासाठी इतर मधमाश्यांपासून तुटलेल्या जागेची गरज होती. कांगारू बेटाची निवड यातूनच झाली.

१८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिगुरियन माश्यांच्या वसाहती बेटावर आणण्यात आल्या. बेटावरील आरंभीच्या मधमाशीपालनाशी ऑगस्ट फीबिग या मधपाळाचे नाव जोडले जाते. १८८५ च्या कायद्याने बेटावर इतर प्रकारच्या मधमाश्या आणण्यास मनाई केली. आज बेटावर असलेल्या माश्या, पेट्यांतील आणि झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या अशा दोन्ही, मुख्यतः त्या काळच्या वसाहतींच्या वंशज मानल्या जातात.

शुद्ध वंशाचा प्रश्न

कांगारू बेटावरील माश्यांचे वर्णन अनेकदा ‘जगातील शेवटचा शुद्ध लिगुरियन वंश’ असे केले जाते. बेटावरील मधाच्या विक्रीत आणि पर्यटनात या वर्णनाला मोठे स्थान आहे. तथापि या दाव्याच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे.

१८८५ च्या कायद्याने त्या वेळेनंतर येणाऱ्या माश्यांना अटकाव केला. त्यापूर्वी बेटावर काय होते, हे कायदा ठरवू शकत नव्हता. युरोपीय मधमाशी त्याआधी अनेक दशके ऑस्ट्रेलियात आलेली असल्याने बेटावर अन्य उपजातींच्या माश्या मुळीच नव्हत्या का, असा प्रश्न संशोधकांनी उपस्थित केला आहे. म्हणून या माश्यांना ‘दीर्घकाळ बंदिस्त राहिलेला लिगुरियन प्रकारचा वंश’ म्हणणे अधिक काटेकोर ठरते. हा वंश शतकाहून अधिक काळ बाहेरच्या संकरापासून आणि मुख्य भूमीवरील अनेक रोगांपासून दूर राहिला, हे त्याचे खरे मोल आहे.

कायदेशीर संरक्षण आणि रोगप्रतिबंध

सध्या बेटावरील बंदी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या पशुधनविषयक कायद्यांखाली अमलात आणली जाते. जिवंत मधमाश्या, मध, मेण, पराग आणि वापरलेल्या मधपेट्या किंवा अवजारे बेटावर नेता येत नाहीत. नौकेने जाणाऱ्या प्रवाशांनाही याची सूचना दिली जाते.

बरणीतील मधावर बंदी कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे कारण अमेरिकन फाउलब्रूड या रोगात आहे. हा रोग पेनिबॅसिलस लार्वी या जिवाणूमुळे होतो आणि त्यात माश्यांच्या अळ्या मरतात. या जिवाणूचे बीजाणू अत्यंत चिवट असून ते कित्येक दशके जिवंत राहू शकतात. रोगग्रस्त वसाहतीच्या मधात हे बीजाणू असू शकतात. असा मध माणसाला अपायकारक नसतो. परंतु कोणी अर्धवट रिकामी बरणी उघड्यावर टाकली, तर माश्या तो मध गोळा करून पोळ्यात नेतात आणि अळ्यांना भरवलेल्या अन्नातून रोग पसरतो. हे बीजाणू जुन्या पेट्यांच्या लाकडात आणि मेणातही टिकतात, म्हणून वापरलेले साहित्यही निषिद्ध आहे.

व्हॅरोआ डिस्ट्रक्टर या परजीवी कोळी किडीमुळे या बंदीचे महत्त्व आणखी वाढले आहे. ही कीड माश्यांच्या आणि त्यांच्या पिल्लांच्या शरीरावर जगते व विषाणूंचा प्रसार करते. तिचा मूळ आश्रय आशियाई मधमाशी (एपिस सेराना) हा होता. महाराष्ट्रात पेट्यांमध्ये पाळली जाणारी सातेरी मधमाशी याच जातीची आहे. आशियाई माशी आपल्या अंगावरील ही कीड ओढून काढते, तसेच ही कीड तिच्या पोळ्यात प्रामुख्याने नरांच्या पिल्लांवरच वाढते. त्यामुळे दोघींचे सहजीवन टिकून राहिले. युरोपीय माशीकडे हे संरक्षण अपुरे असल्याने उपचार न केलेल्या वसाहती बहुधा काही वर्षांत नष्ट होतात.

ऑस्ट्रेलिया दीर्घकाळ या किडीपासून मुक्त होता. जून २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्स राज्यातील न्यूकॅसल बंदराच्या परिसरात ती आढळली. तिच्या निर्मूलनासाठी मोठ्या संख्येने वसाहती नष्ट करण्यात आल्या, परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून नियंत्रणाचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यानंतर ती इतर राज्यांतही पसरू लागली. त्यामुळे कांगारू बेटाभोवतीची सामुद्रधुनी आणि तेथील बंदी यांना पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

मधनिर्मिती

बेटावरील मधमाशीपालन प्रामुख्याने लहान, कौटुंबिक स्वरूपाच्या व्यवसायांतून चालते. दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे वसंत ऋतू सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत असतो. वसंतात राणी अंडी घालण्याचा वेग वाढवते. भर हंगामात ती दिवसाला १,५०० ते २,००० अंडी घालू शकते. अंड्यापासून कामकरी माशी तयार होण्यास २१ दिवस लागतात आणि मकरंदासाठी ती बाहेर पडू लागेपर्यंत आणखी सुमारे 3 आठवडे जातात. त्यामुळे मोठा फुलोरा येण्याच्या सुमारे सहा आठवडे आधीपासून वसाहत बळकट करणे आवश्यक असते.

निलगिरीच्या अनेक जाती दरवर्षी सारख्या प्रमाणात फुलत नाहीत. पाऊस, तापमान आणि झाडाची स्थिती यांनुसार एखाद्या वर्षी भरघोस फुलोरा येतो, तर दुसऱ्या वर्षी अगदी तुरळक. कोणत्या भागात कळ्या धरल्या आहेत याचे निरीक्षण करून मधपाळ आपल्या पेट्या बेटावरच एका जागेहून दुसऱ्या जागी हलवतात. मुख्य भूमीवरील मधपाळ दुष्काळात शेकडो किलोमीटर दूरच्या फुलोऱ्याकडे जाऊ शकतात. बेटावरील मधपाळांना तो पर्याय नसतो.

कामकरी माशीने आणलेल्या मकरंदात पाण्याचे प्रमाण मोठे असते. माश्या तो एकमेकींना देतात, त्यात लाळेतील विकरे मिसळतात आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी कमी करतात. पाण्याचे प्रमाण साधारण १८ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर कप्पे मेणाच्या पातळ झाकणाने बंद केले जातात. चौकटीतील बहुतेक कप्पे असे बंद झाले, की मध पक्व झाला असे समजतात. अपक्व मध काढल्यास तो आंबण्याचा धोका असतो.

पक्व चौकटींवरील झाकणे सुरीने कापून त्या मधयंत्रात फिरवल्या जातात. त्यानंतर मध गाळून काही काळ स्थिर ठेवला जातो, म्हणजे हवेचे बुडबुडे आणि मेणाचे कण वर येतात. मोठ्या कारखान्यांत मध लवकर गाळला जावा आणि दीर्घकाळ पातळ राहावा म्हणून तो अधिक तापवतात व बारीक गाळतात. लहान उत्पादक सहसा कमी उष्णता वापरतात. त्यामुळे मधातील परागकण, सुवास आणि विकरे अधिक प्रमाणात टिकतात, पण असा मध लवकर रवाळ होऊ शकतो. मध रवाळ होणे ही नैसर्गिक क्रिया असून ती भेसळीची खूण नाही.

एकाच फुलोऱ्यातून मिळालेला मध वेगळा ठेवून तो त्या झाडाच्या नावाने विकण्याची पद्धत बेटावर आहे. शुगर गमचा मध आणि मॅलीचा मध यांच्या रंगात, घट्टपणात आणि चवीत फरक असतो. मोठ्या उद्योगांत अनेक ठिकाणचे मध मिसळून सर्व बरण्यांची चव एकसारखी राखली जाते. लहान बेटावरील उत्पादनात वर्षागणिक आणि जागेगणिक बदलणारी चव हेच वैशिष्ट्य ठरते. मधाखेरीज मेणबत्त्या, मधाचे आइस्क्रीम आणि पोळ्याचे तुकडे यांचीही विक्री पर्यटकांना केली जाते.

राणीमाश्यांची पैदास

बंदीमुळे बेटावर माश्या येऊ शकत नसल्या, तरी बेटावरून राण्या बाहेर पाठवता येतात. राणी तयार करण्यासाठी अगदी कोवळ्या अळ्या खास मेणाच्या वाट्यांत ठेवून राणीविरहित वसाहतीत देतात. दाई माश्या त्यांना रॉयल जेली भरवतात आणि अंडे घातल्यापासून सुमारे १६ दिवसांनी राणी बाहेर पडते. मीलनानंतर तिला काही सेविका माश्या आणि साखरेच्या खाद्यासह छोट्या पिंजऱ्यात घालून पाठवले जाते. ज्यांना शांत स्वभावाचा आणि रोगमुक्त वंश हवा असतो, असे मधपाळ या राण्या विकत घेतात.

मर्यादित वंशाचे धोके

बंदिस्त वंशात निकटसंबंधी माश्यांचे मीलन होण्याची शक्यता वाढते. मधमाश्यांमध्ये याचा परिणाम विशेष ठळकपणे दिसतो. फलित न झालेल्या अंड्यातून नर आणि फलित अंड्यातून मादी निर्माण होते. परंतु मादी होण्यासाठी लिंगनिश्चिती करणाऱ्या जनुकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या अंड्यात असाव्या लागतात. राणी आणि नर यांच्याकडून एकच आवृत्ती आली, तर फलित अंड्यातूनही नराची अळी तयार होते. कामकरी माश्या अशी अळी ओळखून खाऊन टाकतात. परिणामी पिल्लांच्या चौकटीत ठिकठिकाणी रिकामे कप्पे दिसतात आणि वसाहतीची वाढ खुंटते.

लोकसंख्येत या जनुकाच्या आवृत्त्या जितक्या कमी, तितका हा तोटा अधिक. म्हणून बेटावरील वसाहतींची एकूण संख्या मोठी ठेवणे, मोजक्याच राण्यांपासून पैदास न करणे आणि निरनिराळ्या भागांतील वसाहती टिकवणे आवश्यक ठरते. राणी एकाच वेळी साधारण १० ते २० नरांशी समागम करते, ही बाबही विविधता राखण्यास मदत करते.

२०१९–२० ची आग

डिसेंबर २०१९ मध्ये विजा पडून बेटावर वणवे लागले. जानेवारी २०२० च्या आरंभी त्यांनी उग्र रूप धारण केले. सुमारे २,१०,००० हेक्टर, म्हणजे बेटाचा जवळपास अर्धा भाग जळाला. दोन व्यक्तींचा मृत्यू झाला. पश्चिमेकडील फ्लिंडर्स चेस राष्ट्रीय उद्यानाचा बहुतांश भाग आगीत सापडला.

या आगीत मधपेट्या जळाल्या, तसेच झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या वसाहतीही नष्ट झाल्या. वाचलेल्या वसाहतींपुढे अन्नाचा प्रश्न उभा राहिला. निलगिरीची अनेक झाडे जळाल्यानंतरही खोडातून किंवा जमिनीलगतच्या गाठीतून पुन्हा फुटतात. पण फुटवे येणे आणि भरपूर मकरंद देणारा फुलोरा येणे यांत काही वर्षांचे अंतर असते.

मुख्य भूमीवर अशी आपत्ती आल्यास मधपाळ इतर प्रदेशांतून वसाहती विकत घेऊन पुन्हा उभे राहतात. कांगारू बेटावर ते कायद्याने शक्य नव्हते. वाचलेल्या वसाहतींचे विभाजन करणे आणि त्यांच्यातूनच नव्या राण्या तयार करणे हाच मार्ग उरला होता. वंशाचे रक्षण करणाऱ्या बंदीची किंमत या प्रसंगी स्पष्ट झाली. संपूर्ण वंश एकाच बेटावर असेल, तर एका आपत्तीत त्याचा मोठा भाग नाहीसा होऊ शकतो.

स्थानिक परिसंस्थेशी संबंध

मधमाशी बेटावरील मूळ रहिवासी नसल्याने तिच्या संरक्षणाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले जाते. बेटावर ग्लॉसी ब्लॅक कॉकटू या काळ्या काकाकुव्याची संकटग्रस्त उपजात आढळते. हे पक्षी मोठ्या निलगिरींच्या ढोलीत घरटे करतात आणि मोकाट मधमाश्यांनी त्या ढोली व्यापल्यास त्यांना जागा उरत नाही. त्यांच्यासाठी कृत्रिम घरटी बसवण्याचे काम संवर्धन कार्यक्रमांतून केले जाते.

हिरवी सुतार माशी (झायलोकोपा एराटा) ही धातूसारखी चमक असलेली देशी माशीही बेटावर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून ती नाहीशी झाली आहे. ती बँक्सियाच्या वाळलेल्या खोडात किंवा ग्रास-ट्री या वनस्पतीच्या सुकलेल्या फुलदांड्यात घर कोरते. काही फुलांचे पराग केवळ माशीने शरीराची विशिष्ट कंपने केल्यावरच बाहेर पडतात. सुतार माशी हे काम करू शकते, मधमाशी करू शकत नाही. २०१९–२० च्या आगीत सुतार माशीचा अधिवास मोठ्या प्रमाणावर जळाल्यामुळे तिच्या संवर्धनाची गरज वाढली.

भारतातील इटालियन मधमाशी

भारतात १९६० च्या दशकात पंजाब व हिमाचल प्रदेशाच्या परिसरात युरोपीय मधमाशीचे पालन यशस्वीपणे रुजले आणि पुढे ते इतर राज्यांत पसरले. येथे तिला ‘इटालियन माशी’ किंवा ‘मेलिफेरा’ या नावांनी ओळखतात. महाराष्ट्रात तिच्या पेट्या फुलोऱ्यानुसार एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेल्या जातात, तर सातेरी माशी प्रामुख्याने डोंगराळ भागात पाळली जाते. भारतातील मेलिफेरा वसाहतींना व्हॅरोआशी सतत झुंजावे लागते. कांगारू बेटावरील माशी आणि भारतातील इटालियन माशी यांचे मूळ एकच असले, तरी एकीचे पालन बंद सीमेच्या आत आणि दुसरीचे खुल्या प्रदेशात होत असल्याने दोघींच्या पालनातील अडचणी पूर्णपणे वेगळ्या आहेत.